मालन मेस्त्रीची मापं

मालन मेस्त्रीला कुणी शिक्षण विचारलं की ती सांगायची, "सातवी पास. आणि चाळीस वर्षं ग्लेझ." ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर काहीच उमटलं नाही की ती त्याच्या पुढ्यातला कप उचलायची आणि त्यावरून बोट फिरवायची. "हे चकाकतं ना, गुळगुळीत लागतं? ही मातीवर चढलेली काच. तिला ग्लेझ म्हणतात. ती मी बनवते." कपात चहा असला तरी आई तो उलटा करून दाखवते, असं तिचा मुलगा नितेश चेष्टेनं म्हणायचा.

कणकवलीकडच्या एका खेड्यातून लग्न होऊन ती मुंबईत आली, तेव्हा सासऱ्यांची गिरणी नुकतीच बंद पडली होती. नवरा गॅरेजमध्ये लागला आणि मालन चोविसाव्या वर्षी भांडुपच्या एका कपबशांच्या कारखान्यात. सुरुवातीला कपांना कान चिकटवायचं काम. एक दिवस ग्लेझ खात्याच्या म्हाताऱ्या मुकादमाने तिला चार पिंपं दाखवली आणि म्हणाला, "ह्यातला फरक सांग." चारही पिंपांत पांढरी भुकटी. मालनने डोळे मिटून एकेक चिमूट चोळली. एक दाताखाली रेती यावी तशी कचकचत होती, एक तोंडाला लावायच्या पावडरीसारखी मऊ, एक शाळेतल्या खडूसारखी कोरडी आणि एक नुसतीच जड. तिने तसं सांगितलं. "उद्यापासून इथे ये," मुकादम म्हणाला.

फेल्स्पार, क्वार्ट्झ, खडू आणि चिनी माती. ही चार पिठं आणि वर चमचाभर रंग. पाण्यात कालवायचं, चाळायचं, एकदा भाजून घेतलेलं भांडं त्यात बुडवायचं आणि पुन्हा भट्टीत घालायचं. प्रमाण जमलं तर वर काच चढते. चुकलं तर तीच काच पातळ होऊन ओघळते आणि भांडं भट्टीतल्या फळीला कायमचं चिकटतं. खात्यात वजनकाटा होता, पण मुकादम अ‍ॅल्युमिनियमच्या डब्याने मोजायचा आणि मालनही तसंच शिकली. निळ्याला त्याच क्रमाने आठ, सहा, चार, दोन डबे. हिरव्याला सात, पाच, पाच, तीन. मापं तिने कधी घोकली नाहीत. गणपतीतल्या आरतीसारखी ती ऐकून ऐकून तोंडात बसली.

कारखाना दोन हजार सातला बंद झाला. तिथे आता तीस मजली इमारत आहे. मालन घरी जेमतेम चार महिने बसली असेल. मग मरोळच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये गाळा घेऊन भांडी बनवणाऱ्या अनुपमाताईंनी तिला शोधत असल्फ्याच्या टेकडीवरचं घर गाठलं. त्यांना चाकावर भांडं चढवता येत होतं, पण ग्लेझ दर वेळी वेगळं निघायचं. मालनने पहिल्याच आठवड्यात त्यांना असा निळा काढून दिला की ताईंनी तो कप कुणाला विकलाच नाही. तेव्हापासून सोळा वर्षं मालन त्या गाळ्यात होती. नवरा गेला, नितेशचं लग्न झालं, घरापासून मरोळला जायला मेट्रो आली. मालनच्या रोजच्या कामात मात्र काही बदललं नाही.

दोन हजार तेवीसच्या जूनमध्ये गाळ्यात मनाली आली. बोरिवलीची, सिरॅमिकचं रीतसर शिक्षण घेतलेली, सव्वीस वर्षांची, बोलायला फटकळ. तिने आल्या आल्या विचारलं, "मावशी, रेसिपी कुठे लिहून ठेवल्यात?"

"लिहायच्या कशाला? मी आहे ना."

"आणि तुम्ही गावाला गेलात की?"

"मी गावाला गणपतीत जाते. तेव्हा तुम्हाला पण सुट्टी."

अनुपमाताई हसल्या, पण त्यांनीच मनालीला सांगितलं की सगळं नीट नोंदवून घे. मनालीने टॅबवर एक सॉफ्टवेअर आणलं. त्यात ग्लेझची रेसिपी भरली की त्यातली प्रत्येक गोष्ट किती टक्के आहे हे ते काढायचं, क्वार्ट्झमधून येणारी सिलिका किती, अ‍ॅल्युमिना किती, आणि एका आलेखावर ठिपका ठेवायचं. ठिपका मधल्या पट्ट्यात पडला तर काच नीट बसणार. खाली घसरला तर ओघळणार.

अडचण अशी की सॉफ्टवेअरला डबा कळत नव्हता, ग्रॅम कळत होते. म्हणून दोघींनी दोन दिवस बसून डबे तोलले. फेल्स्पारचा डबा भरला की काटा बराच पुढे जायचा, चिनी मातीचा त्याच्या निम्म्यावर थांबायचा. मनाली प्रत्येक डबा तीनदा भरायला लावायची आणि तिन्ही वेळा वजन चार-पाच ग्रॅमच्या आतबाहेर यायचं. "मावशी, तुमचा हात म्हणजे मशीन आहे यार," ती म्हणाली. मालनला हसू आवरेना. मग तिने निळ्याची मापं सांगितली, आठ, सहा, चार, दोन, मनालीने भरली आणि ठिपका पट्ट्याच्या बरोब्बर मधोमध जाऊन बसला.

"हा ठिपका म्हणजे मी?" मालनने विचारलं.

"तुमचा निळा."

"तेच ते."

त्या महिन्यात मालनने चौदा ग्लेझ सांगितले. एकही ठिपका पट्ट्याबाहेर पडला नाही. नितेश विमानतळावर कार्गोत कामाला होता, त्याला ती घरी जेवताना सांगायची, "माझ्या डोक्यातला आता सगळा कॉम्प्युटरच्या डोक्यात चाललाहा."

ऑक्टोबरात एका सकाळी भट्टी उघडली तर निळ्या कपांची रांगच्या रांग फळीला चिकटलेली. काच पायाशी ओघळून थिजली होती. बत्तीस कप. छिन्नीने काढायला गेलं की कप फुटत होते. मालन म्हणाली, "क्वार्ट्झचं पोतं बदललंय. भेसळ आहे." मनालीने जुन्या आणि नव्या पोत्यांतली भुकटी तपासायला पाठवली. काही फरक निघाला नाही. मग तिने विचारलं, "मावशी, निळा परत एकदा सांगा बरं."

"आठ, तीन, चार, दोन."

मनालीची बोटं थबकली. पण तिला वाटलं, मावशींनी मुद्दाम बदल केला असेल. तिने नव्या नोंदीत ते भरलं. ठिपका सरळ खाली घसरला.

मालनला तो ठिपका पुढे नीट आठवायचा. आपण तो पाहिला आणि मनात म्हटलं, मशीनला काय कळतंय, हेही आठवायचं. सहाच्या जागी तीन कधी आलं ते मात्र आठवायचं नाही. तिने तीन म्हटलं तेव्हा ते तिच्या तोंडात तितकंच पक्कं बसलेलं होतं, जितकं आधी सहा.

पुढच्या दोन महिन्यांत हिरवा बिघडला, मग काळा. प्रत्येक वेळी मालनकडे कारण तयार असायचं. पाणी जास्त झालं. भट्टीचा तापमानाचा काटा खोटं दाखवतो. अनुपमाताईंनी भट्टीवाला बोलावला, त्याने सगळं ठीक सांगितलं. "होतं असं," ताई म्हणाल्या, आणि ते मालनला अधिक लागलं.

जानेवारीतली गोष्ट. मनाली हात धुवायला गेली होती आणि टॅब टेबलावर उघडा होता. मालनला इंग्रजी वाचता येत नव्हतं, पण आकडे येत होते. पडद्यावर निळ्याचं पान होतं. एकाखाली एक चार नोंदी, प्रत्येकीसमोर तारीख आणि तिने सांगितलेले डबे. क्वार्ट्झ जूनमध्ये सहा. ऑक्टोबरमध्ये तीन. नोव्हेंबरमध्ये पाच. आणि परवाच्या तारखेला क्वार्ट्झच्या जागी काहीच नाही, नुसती रेघ. त्या दिवशी तिने क्वार्ट्झचं नावच घेतलं नव्हतं.

मनाली परत आली तेव्हा मालन तशीच उभी होती.

"हे मी सांगितलं?"

"हो मावशी."

"चारी वेळा?"

"हो."

"नाही. तू चुकीचं टाईप केलंस."

मनाली एरवी कुणाचं ऐकून घेणारी पोरगी नव्हती. अनुपमाताईंशीही ती दोन-दोन तास वाद घालायची, आणि स्वतःची चूक नसेल तर मान तुकवायची नाही. ती टॅब बंद करत हळूच म्हणाली, "असेल मावशी. माझंच चुकलं असेल."

तेव्हा मालनला कळलं. त्या चार ओळींवर तिने विश्वास ठेवला नसता. मनाली तिच्यासाठी खोटं बोलली, त्यावर ठेवावा लागला.

घरी ती कुणाला काही बोलली नाही. भिंतीवरच्या कॅलेंडरवर बारीक खुणा करायला लागली, गॅस बंद केला, शेजारणीकडे किल्ली दिली, गोळी घेतली. संध्याकाळी पाहिलं की खुणा असायच्या, पण त्या आपण केल्या हे आठवायचं नाही. एकदा माशाच्या आमटीचा घास घेताच आंबटपणाने नितेशने तोंड वाकडं केलं. "आये, सोलां दोनदा घातलंस काय?" "गप जेव," ती म्हणाली. पण त्याने ताट बाजूला सारून तिच्याकडे पाहिलं आणि पुढच्याच आठवड्यात तिला हॉस्पिटलात घेऊन गेला.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, मऊ बोलणाऱ्या. त्यांनी मालनला घड्याळ काढायला सांगितलं. मालनने एका दमात असा गोल काढला की बाई म्हणाल्या, "वा, कंपाससारखं!" मग म्हणाल्या, आता अकरा वाजून दहा मिनिटं दाखवा. मालनने पेन टेकवलं आणि उचललं. पुन्हा टेकवलं. काटे कुठे जातात हे तिला माहीत होतं, आयुष्यभर माहीत होतं, पण हात जागचा हलेना. नितेश खिडकीबाहेर बघत राहिला.

"हे विसरणं गोळ्यांनी थोडं लांबवता येतं, आजी," बाई म्हणाल्या. "परत आणता येत नाही."

"गेलंय ते?"

"गेलंय ते."

दुसऱ्या दिवशी ती गाळ्यावर गेली, मनालीसमोर स्टूल ओढून बसली आणि म्हणाली, "तुझा टॅब काढ. कारखान्यातले अजून बरेच आहेत, ते मी तुला सांगितलेच नव्हते. जे उरलंय ते काढून घे."

"मावशी, एवढी घाई नको."

"तुला नसेल. मला आहे."

मंगळवार आणि शुक्रवार ठरले. मालन सांगायची, मनाली भरायची, मग त्या प्रमाणात वाटीभर ग्लेझ करून छोट्या फरशीच्या तुकड्यावर लावायची आणि भाजायची. सांगितलेलं खरं की खोटं हे भट्टीतून बाहेर आल्यावरच समजायचं. उन्हाळा संपेपर्यंत मालनने तेवीस ग्लेझ सांगितले. नऊ बरोबर निघाले. बाकीच्यांत काही ओघळले, काही दगडासारखे खरखरीत राहिले, दोनांना बारीक तडे गेले.

मनाली धीर सोडायची नाही. सॉफ्टवेअर सांगायचं की ह्यात सिलिका कमी आहे, अमुक इतकी वाढवली तर ठिपका पट्ट्यात येईल. मनाली वाढवायची आणि काच खरंच नीट बसायची. पण ती कारखान्याची काच नसायची. पट्टा मोठा होता. त्यात हजार ग्लेझ मावले असते आणि मालनचा त्यांतला एकच होता.

"मावशी, इथे खडू पाच डबे की सात?"

मालन पाच म्हणून बघायची, मग सात म्हणून बघायची. दोन्ही सारखेच ओळखीचे वाटायचे, दोन्ही सारखेच परके. पूर्वी चुकीचं माप तोंडात आलं तर जीभच अडायची. आता जीभ कुठेही अडत नव्हती. तिला ह्याचीच सगळ्यात जास्त भीती वाटायची, पण ते सांगायचं कुणाला आणि कसं? "पाच लिही," ती म्हणायची. आणि मनाली भरत असताना, "नाहीतर सात लिही."

पावसाळ्यात एकदा तिने कुणाला न विचारता बादलीभर निळा कालवला. सवयीने हात चालत गेले. संध्याकाळी जाताना तिने अभिमानाने मनालीला सांगितलं, "उद्या बुडवायला तयार आहे." दुसऱ्या दिवशी बादली धुऊन पालथी घातलेली होती. मालनने ती पाहिली. ती चाळणी घेऊन बसली आणि दिवसभर चाळत राहिली, एकदा चाळलेलंच पुन्हा.

कारखान्याचा एक पांढरा होता. मुकादम त्याला साय म्हणायचा. दुधावरच्या सायीसारखा जाड, किंचित पिवळसर, बोटाला गार लागणारा. अनुपमाताईंना चोरबाजारात त्या कारखान्याची एक जुनी बशी मिळाली होती. तिच्यावर तोच ग्लेझ होता. मालनला सायीचं एकही माप आठवत नव्हतं. मनालीने बशी समोर ठेवली, सॉफ्टवेअरमध्ये अंदाज बांधला आणि सायीचे तुकडे भाजायला घेतले. प्रत्येक तुकडा ती मालनच्या हातात द्यायची. मालन अंगठा फिरवायची, उजेडात तिरपा धरायची.

"हा नाही."

"बशीसारखाच तर दिसतोय."

"दिसतोय. पण हा नाही."

"काय कमी आहे?"

"ते माहीत असतं तर सांगितलं नसतं का गं?"

असे अकरा तुकडे झाले. अकरा वेळा 'हा नाही.' बाकी सगळं हातातून गेलं होतं, पण चूक ओळखणारं काहीतरी आत अजून शाबूत होतं आणि मनाली त्याच भरवशावर काम करत होती. तिने एकदा ताईंना सांगितलेलं मालनने ऐकलं, "मावशी ओळखतात ना, तोवर मी शोधू शकते."

दिवाळीनंतर मालन मेट्रोत असल्फ्याला चढली आणि मरोळला उतरलीच नाही. शेवटच्या स्टेशनवर गार्डने तिला बाकावर बसवलं आणि तिच्या पिशवीतल्या चिठ्ठीवरच्या नंबरवर नितेशला फोन केला. त्या रात्री नितेश तिच्यापाशी जमिनीवर बसला. "आये, आता पुरे."

"मग मी करू काय?"

तो तिचे पाय चेपत राहिला. तिने कधी चेपू दिले नव्हते, त्या दिवशी दिले.

मनाली महिन्यातून एकदा असल्फ्याला येऊ लागली. टेकडी चढून यायची, सून अस्मिता चहा टाकायची. फेब्रुवारीत तिने बारावा तुकडा आणला. मालनने अंगठा फिरवला. खिडकीपाशी नेऊन तिरपा धरला.

"हाच," ती म्हणाली.

मनालीच्या डोळ्यांत पाणीच आलं. "नक्की ना मावशी?"

"हाच गं. मुकादमाचा."

मनालीने तिथेच अनुपमाताईंना फोन लावला. टॅब उघडून सायीच्या पानावर हिरवी खूण केली आणि ती मालनला दाखवली. जाताना तिने मालनला मिठी मारली, असं कधी करणाऱ्यांतली ती नव्हती.

मार्चमध्ये ती पुन्हा आली. ह्या वेळी पिशवीत बाराही तुकडे होते. तिला फोटो काढून ओळीने लावायचे होते. ती चटईवर मांडत होती तेवढ्यात मालनने हात पुढे करून एक उचलला, अंगठा फिरवला आणि हसली.

"हाच तो. साय."

मनालीने तुकडा उलटा केला. मागे पाच आकडा होता. मग तिने दुसरा दिला. मालनने तोही उजेडात धरला. "हाच," ती म्हणाली. तिसऱ्यालाही तिने हाच म्हटलं.

मनाली थांबली. तिचा चेहरा पाहून मालनला कळलं की काहीतरी चुकलं. काय, ते कळेना. तिने मांडीवरचे तिन्ही तुकडे पुन्हा एकेक करून चोळले. तिन्ही गार लागत होते. तिन्ही गुळगुळीत. कुठलाही तिला नको म्हणत नव्हता.

"मागच्या वेळी मी कुठला म्हटलं होतं?" तिने विचारलं.

मनालीने तो काढून तिच्या हातावर ठेवला. मालनने तो बाकीच्यांशेजारी धरला.

"आणि तो बरोबर होता?"

"ते तुम्हीच सांगू शकत होता, मावशी," मनाली म्हणाली, आणि म्हटल्याबरोबर तिने ओठ चावला.

मालन त्या चार तुकड्यांकडे बघत राहिली. तेव्हा आपण खरंच ओळखलं होतं, की पोर दमलेली दिसली म्हणून हो म्हटलं, की तेव्हाही असंच सगळं सारखं लागत होतं? आठवायचा प्रयत्न केला तर खिडकीतला उजेड आठवत होता, मनालीची मिठी आठवत होती. अंगठ्याला काय लागलं होतं, ते नाही.

"लिहून ठेव," ती शेवटी म्हणाली. "आज हिने आणखी तीन तुकड्यांना हो म्हटलं, असं लिही. तारीख टाक."

"नको मावशी."

"लिही. नाहीतर उगाच कुणी एकावर विश्वास ठेवेल."

मनालीने टॅब मांडीवर घेतला आणि लिहिलं. हिरवी खूण तिने पुसली की ठेवली, ते मालनने पाहिलं नाही. अस्मिता आतून चहा घेऊन आली. मालनने कप हातात घेतला आणि नुसता धरून बसली. बाहेर टेकडीवरून पाण्याचे हंडे घेऊन बायका उतरत होत्या. मनाली तुकडे एकेक करून वर्तमानपत्रात गुंडाळत होती. तिला निघायचं होतं आणि ती निघत नव्हती.